दासी हा शब्द माझा

डिचोली, शनिवार, १९८६

किळस आली आज स्वतःची. सकाळी वर्गात फुशारकीने शिकवलं: चिनी लोक कष्ट सोसण्याला ‘कडू खाणं’ म्हणतात, रूपक हा भाषेचा दागिना नव्हे, माणूस मुळात विचारच तसा करतो. आणि संध्याकाळी, गोव्याची राजभाषा मराठीच व्हावी म्हणून भरलेल्या सभेत वक्ता म्हणाला, ‘कोंकणी ही मराठीची दासी!’ टाळ्याच टाळ्या. भाषण मीच लिहून दिलेलं. दासी. काय सुचलं मला?

आई समोरच बसली होती. तिने जन्मभर पोथी मराठीत वाचली, मला रागावली मात्र कोंकणीतच. घरी शीतकडी, आमचं भात-कालवण, वाढताना म्हणाली, “पुता, म्हणजे हांव तुजी दासी?”

मी उत्तर दिलं, तेही मराठीत: “आई, ते नुसतं रूपक.”

“तें कळ्ळें,” ती म्हणाली. “म्हणूनच हांव विचारतां.”