लेन क्रमांक चारवर अडकलेला बार सोडू देण्याबाबत

दिनांक : १३ फेब्रुवारी २०२६, शुक्रवार
(आजचा तिसरा अर्ज)

प्रति,
मा. नियंत्रण अधिकारी,
नेमबाजी मैदाने व जुनी शस्त्रे कक्ष,
पुणे शहर.

विषय : ठासणीच्या बंदुकीत अडकलेला एक बार मैदानावरच सोडण्याची, व पर्यायाने अर्जदारास खुर्चीवरून उठण्याची, परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा आज सकाळचा अर्ज. २) त्यावर आपल्या कक्षाने तासाभरात काढलेला स्थगिती आदेश. ३) माझा आज दुपारचा अर्ज, ज्याचे उत्तर अद्याप नाही.

महोदय,

१. मी, संपत माधव बेनकर, राहणार धायरी, निवृत्त अव्वल कारकून, वारजे येथील ठासणी नेमबाजी मंडळाचा सुरक्षाप्रमुख आहे. सरकारी भाषा मला नवी नाही. हयातभर मी लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवत आलो, त्यामुळे आपण माझा अर्ज कोणत्या मुद्द्यावर परत पाठवाल याचा मला अंदाज आहे. ते सर्व मुद्दे मी खाली घेतले आहेत. कृपया नवीन शोधू नयेत. वेळ नाही.

२. ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसते. नळीच्या तोंडातून आधी मोजून दारू ओतायची, मग कापडात गुंडाळलेली गोळी ठेवायची, ती गजाने तळापर्यंत ठासायची, आणि सर्वांत शेवटी मागच्या छिद्रावर ठिणगी पाडणारी तांब्याची छोटी टोपी चढवून चाप ओढायचा. क्रम हाच. दारू विसरली तर बार फुसका. दोनदा पडली तर नळी फाटू शकते. गोळी तळाला न टेकता मध्येच राहिली तरीही तेच. या चुका अडाणी माणूस करत नाही, कारण तो घाबरून एकेक गोष्ट बघून करतो. त्या सवयीचा माणूस करतो, आणि तो त्या बोलता बोलता करतो.

३. म्हणून मी मंडळात स्वखर्चाने पाट्या लावल्या आहेत. उदाहरणादाखल : "दारू मापातूनच ओतावी. डब्यातून थेट ओतणाऱ्याने आधी मृत्युपत्र करावे." "बंदूक भरणाऱ्याशी बोलू नये. तो तुमचे ऐकत नाही, व ऐकत असल्यास अधिकच बोलू नये." "फोन कार्यालयातील पेटीत ठेवावा. तुमच्यावाचून जग चालते." आणि शेवटची, जिच्यामुळे आजचा प्रसंग इतका लांबला : "बार सुटेपर्यंत भरणे चालूच आहे असे समजावे." या पाट्यांमुळे माझे तीन मित्र कमी झाले. अपघात मात्र आजवर एकही नाही.

४. आज सकाळी माझे व्याही श्री. इंद्रजीतराव कोंढरे, राहणार बिबवेवाडी, प्लायवूडचे व्यापारी, मैदानावर आले. माझी एकुलती एक कन्या कल्याणी त्यांची सून. तिचे दिवस भरत आले आहेत. पहिले बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. त्यांचे म्हणणे असे की सिंहगड रस्त्याची गर्दी पाहता धायरीहून दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ शाळेत जायचे झालेले असेल, म्हणून सून बिबवेवाडीतच राहावी. हा वाद महिनाभर चालू होता. तो मिटवायलाच ते आले होते. मी त्या वेळी बंदूक भरत होतो. दारूचे माप माझ्या हातात होते. ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मग काय ठरलं म्हणायचं, बेनकर?"

५. येथे आपण विचाराल की मी उत्तर का दिले. महोदय, आपल्याला मुलगी असेल तर आपण विचारणार नाही. दुसरा कोणीही असता तर मी पाटीकडे बोट दाखवले असते. मागे मंडळाच्या अध्यक्षांना दाखवले आहे. पण मुलीच्या सासऱ्याला पाठ दाखवून गप्प राहणे मला जमले नाही. मी वळलो आणि म्हणालो, "अहो, ठरायचं काय त्यात? माहेर ते माहेर." त्यावर ते बोलले, त्यावर मी बोललो. ते म्हणाले, "तुमचं माहेर आणि रस्त्यावर अॅम्ब्युलन्स, छान!" मग मी रागारागाने बंदुकीकडे वळलो, गोळी ठेवली, ठासली, टोपी चढवली, नेम धरला आणि चाप ओढला. टप् एवढाच आवाज झाला.

६. नियमाप्रमाणे बंदूक निशाणाकडेच रोखून मी थांबलो. ठिणगी आत धुमसत असू शकते. ती वेळ गेल्यावर टोपी काढून टाकली आणि हातातून खाली ठेवलेल्या मापाकडे पाहिले. माप रिकामे होते. ते दारू ओतून झाल्यामुळे रिकामे होते, की भरायचेच राहिल्यामुळे, हे मला आठवेना. अजूनही आठवत नाही. गज आत घालून पाहिला. गोळीची जाडी सोडून, गजावरच्या रिकाम्या नळीच्या खुणेपेक्षा तो एक बोट वर राहतो. दारू बरोबर असती तर दोन बोटे राहिला असता. म्हणजे आत निम्मी दारू आहे, बाकीची बोलण्याच्या ओघात हातवाऱ्यांनी सांडली. किंवा दारू मुळीच नसून आधीच्या साफसफाईची चिंधी तळाशी राहिली आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असे मंडळातील काही सदस्य माझ्या मागे बोलत आहेत. मला ऐकू येते. बहुधा यावे अशीच इच्छा आहे.

७. इंद्रजीतरावांनी काळजीने विचारले, "काय झालं हो?" तेव्हा मात्र मी पाटीकडे बोट दाखवले. बार सुटेपर्यंत भरणे चालूच आहे. त्यांचा चेहरा उतरला. एक शब्द न बोलता ते निघून गेले. ज्या क्षणी गप्प राहायचे त्या क्षणी मी बोललो, आणि बोलायला हरकत नव्हती तेव्हा गप्प बसलो. याचे मला फार वाईट वाटते आहे. तेव्हापासून मीही तोंडाने एक अक्षर उच्चारलेले नाही. माझा सर्व व्यवहार लेखी चालू आहे.

८. मी हा प्रकार स्वतःहून आपणांस कळवला. त्यावर आपल्या कक्षाने चौकशी होईपर्यंत मैदानावर दारूच्या वापरास स्थगिती दिली. आता स्थिती अशी :
(अ) बार सोडायचा तर मागच्या छिद्रातून चिमूटभर दारू सारावी लागेल. ती स्थगित आहे.
(आ) गोळी स्क्रूने ओढून काढायची तर ती दुरुस्ती होते. दुरुस्ती परवानाधारक कारागिराने, त्याच्या दुकानातच करायची. दुकानात भरलेली बंदूक नेता येत नाही.
(इ) पाणी ओतून दारू भिजवली तरी गोळी आतच राहते, आणि आपल्या परिपत्रकानुसार गोळी आत म्हणजे बंदूक भरलेली.
(ई) भरलेली बंदूक फायरिंग लाइनवरून हलवता येत नाही.
(उ) परवानाधारकास बंदूक सोडून जाता येत नाही.
इकडे आड तिकडे विहीर अशी म्हण आहे. माझ्या बाबतीत पाचही बाजूंना विहिरी असून प्रत्येकीवर आपल्या कक्षाचा शिक्का आहे.

९. मंडळातील श्री. अभय यांनी चिठ्ठीने सुचवले की, "काका, कोणी बघत नाही, चिमूटभर टाका आणि उडवा." मी पहिल्यापासून असे करणाऱ्यांना घरी पाठवत आलो आहे. आज मला घाई आहे म्हणून नियम बदलला, तर उद्या ज्याला घाई असेल तो बदलेल, आणि ठासणीच्या बंदुकीपाशी प्रत्येकाला कधी ना कधी घाई असतेच.

१०. मला घाई का आहे ते आता लिहितो. दुपारी मंडळाच्या सचिव अक्षताबाईंनी माझ्यापुढे चिठ्ठी सरकवली : "कल्याणीला कळा सुरू. बिबवेवाडीच्या दवाखान्यात नेलंय. काकू तिच्याबरोबर आहेत." दिवस अजून पुरते भरले नव्हते. काकू म्हणजे माझी पत्नी प्रेमला. ती एकटी तिथे आणि मी येथे, एका नळीसमोर. माझा फोन माझ्याच पाटीप्रमाणे कार्यालयातील पेटीत आहे. पेटीची किल्ली घेऊन खजिनदार बाहेर गेले आहेत. फोन वाजतो, तो मला येथे ऐकू येतो. मी उठतो, बंदुकीकडे पाहतो, पुन्हा बसतो. आत्ता पुन्हा वाजला. मुद्दा दहा मी दोनदा लिहून खोडला आहे.

११. कल्याणी लहान असताना तिला टोचून घ्यायचे असले की ती माझा अंगठा धरत असे. आजही धरला असता असे नाही, मोठी झाली आहे, बँकेत अधिकारी आहे. पण मी तिथे असायला हवे होते. एवढेच.

१२. आपले कार्यालय सव्वासहाला बंद होते. उद्या शनिवार, परवा रविवार. आज परवानगी न मिळाल्यास मी सोमवारपर्यंत येथे बसेन. माझी पाठ धरेल, मूत्रपिंडाच्या गोळ्या घरी आहेत त्या चुकतील. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एकच आहे, आणि ती वर मुद्दा अकरामध्ये आहे.

१३. सबब विनंती अशी की :
(क) लेन चारपुरती स्थगिती उठवून एक चिमूट दारू सारण्याची, गोळी पुन्हा तळापर्यंत ठासून एक बार मातीच्या बांधाकडे सोडण्याची परवानगी द्यावी. बार सुटताना आजूबाजूस कोणी नसेल.
(ख) यापुढे भरण्याच्या टेबलाजवळ व्याही, विहीणबाई व जावई यांना प्रवेश नसावा असा नियम कक्षानेच करावा. मी केला तर नातेवाईक तुटतील. सरकारने केला तर कोणाला वाईट वाटत नाही.
(ग) बाळंतपण बिबवेवाडीत होण्यास माझी कोणतीही हरकत नाही, व कालही असायला नको होती. हा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही हे मला ठाऊक आहे. तरीही तो कुठेतरी नोंदला जावा.

निदान हा अर्ज तरी "योग्य मार्गाने सादर करावा" असा शेरा मारून परत येऊ नये. माझ्याकडे सध्या मार्ग म्हणून फक्त समोरचा मातीचा बांध आहे.

आपला, जागेवरून न हललेला,
संपत माधव बेनकर
लेन क्रमांक ४, ठासणी नेमबाजी मंडळ, वारजे, पुणे

सोबत : १) परवान्याची प्रत. २) वापरलेली टोपी, एक, पाकिटात. ३) सर्व पाट्यांची छायाचित्रे.

ता. क. : अर्ज पाकिटात घालत असताना इंद्रजीतराव आले आहेत. भरण्याच्या टेबलाभोवती आखलेल्या लाल रेषेपलीकडे, पाटीखाली उभे आहेत. घामाघूम झाले आहेत. सिंहगड रस्त्याने आले असावेत. त्यांच्या हातात मिठाईचा खोका आहे, म्हणजे आई व बाळ दोघेही सुखरूप आहेत एवढे मला समजले, आणि मी डोळे पुसले. आमच्याकडे मुलगा झाला तर पेढे वाटतात, मुलगी झाली तर बर्फी. खोका बंद आहे. सकाळी मी बोट दाखवले तेव्हापासून त्यांनी पाटी मनावर घेतली आहे. ते एक शब्दही बोलत नाहीत. अक्षताबाईंनी त्यांना कागद-पेन देऊ केले. त्यांनी मान हलवून नाही म्हटले. बरोबर आहे. अशी बातमी कागदावर द्यायची नसते, ती व्याह्याने व्याह्याला तोंडाने सांगायची असते. ते थांबायला तयार आहेत, खोका दोन्ही हातांत धरून. मीही थांबतो आहे. कृपया बार सोडू द्यावा, म्हणजे त्यांना बोलता येईल.