आपल्या गावात न मेलेला माणूस

चि. सौ. मेघाली हिस,

अंगण झाडून झालं होतं, गॅसवर भात ठेवला होता आणि मी बोंबील साफ करत बसले होते, तेव्हा काळूरामभाऊजी दारात येऊन म्हणाले, "वहिनी, तुमचा टोप गेला." (थांब, आशीर्वाद राहिला. तुला आणि मुलांना अनेक आशीर्वाद. तुझ्या दिरांचा पाय आता कसा आहे? माझा गुडघा कुरकुरतो, पण चालतो. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.)

टोप म्हणजे तुझ्या अनंतादादाच्या, माझ्या नवऱ्याच्या, स्मरणार्थ मी गावकीला दिलेला, त्याचं नाव कोरलेला. त्याच्या वर्षश्राद्धाला मी तो मागितला, तर समाजमंदिरात नाही. मोजले तर टोप पुरे भरत होते. त्यावरून भांडी सांभाळणाऱ्या भाऊजींनी ठरवलं, चोर फार हुशार आहे. त्यात गावात नवशा पॅरोलवर आलेला. (तू भावाचं नाव घेत नाहीस, म्हणून मी घेते.) तुझ्या दिरांचा पाय मोडून आत गेलेला माणूस, त्याला टोप काय जड?

पण मध्ये टीव्हीवरची मालिका आली. तू बघतेस का? एक विक्षिप्त निवृत्त जज्ज आहे. भर कोर्टात शेंगा सोलायचा, आता संशयितांच्या चपला हुंगतो. जोडीला पॅरोलवरचा कैदी. जज्ज हुंगतो, कैदी चोर पकडतो. अख्खं शेलार गाव ती बघतं. म्हणून सगळ्यांनी नवशालाच सांगितलं, "तू आतला मानूस हाय, शोध."

"मी मारामारीत गेलोय," तो म्हणाला, "चोरीतलं मला काय कळतंय?"

टोप काही मिळेना. मग भाऊजींनी निकाल दिला, "टीव्हीवरच्याला दर खेपेला गावतंय, याला गावत न्हाय. म्हंजे यानंच नेला." पोलिसांत कळवतो म्हणाले. तसं झालं असतं तर त्याला लगेच परत नेलं असतं, आणि पुढे रजा कोण देतो? (जामीनदार मी. मलाही चार प्रश्न झाले असते.)

तेव्हा मी जज्ज झाले. चपला हुंगल्या नाहीत (भाऊजींच्या चपला पाहूनच तो बेत सोडला). नवशाला म्हटलं, भांडी बाहेर काढ आणि नावं मोठ्याने वाच. आपल्याकडे भांडी मोजतात, नावं कोण वाचतो? एका टोपाशी तो थांबला. "वहिनी, कैलासवासी हिरामण... हा आपल्यात कोण मेला?"

सगळे आठवू लागले. एक म्हणाला, भजन चांगलं म्हणायचा. भाऊजींना तर त्याच्या तेराव्याचं जेवणही आठवलं, वाटाण्याच्या भाजीसकट. अगं, या नावाचा माणूस आपल्या गावात कधी जन्मलाच नाही, तर मरेल कुठून? मागच्या हळदीला शेजारच्या गावातून जास्तीची भांडी आणली होती. परत करताना अनंता तिकडे गेला आणि हिरामण इकडे राहिला.

आम्ही आणायला गेलो. तिथली एक म्हातारी टोपावरचं नाव ऐकून म्हणाली, "अनंता ना? लय गरीब सभावाचा होता." तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. पण बोलली ते खरंच होतं, म्हणून मी काही सांगितलं नाही. येताना रिक्षात टोप मांडीवर घेऊन बसले.

तुझी,
रंगूवहिनी

ता. क. हे सगळं टोपासाठी लिहिलं नाही. नवशाची रजा संपत आलीय. जाण्याआधी त्याला तुझ्या दिरांचे पाय धरायचे आहेत. (जपून धरील.) त्याने केलं ते मी विसरले नाही, तूही विसरू नकोस. तो आला तर दार उघडशील का, एवढंच विचारायचं होतं. सावकाश विचार करून कळव.

आणखी एक ता. क. सावकाश असं वर लिहिलं खरं. दुसऱ्या दिवशी पत्र टाकायला निघाले, नवशा सोबत होता. पोस्टाच्या पेटीपाशी थांबलेच नाही, तुझ्या अकलोलीची रिक्षा धरली. हे तुझ्या ओट्यावर बसून लिहितेय. पत्र तुझ्या मुलीच्या हाती आत पाठवते. नवशा फाटकाबाहेर उभा आहे.