बैलांना आवतन

८ सप्टें. ९६, रवि.
लिफ्ट पुन्हा बंद. तीन जिने चढून गुडघे पेटलेत. ह्याच जागेवर आपलं बैठं घर होतं, दारात चाफा. राजूनं ते पाडून बिल्डरला दिलं, वर मलाच विचारतो, "आई, आता कसं मोकळं वाटते, नाही?" कसलं मोकळं! खिडकी उघडली की समोरच्यांचं न्हाणीघर. आदिलाबाद मोठं शहर झालं म्हणे. झालं असेल. मला कुणी विचारलं नाही.

१०, मंगळ.
हे गेल्यावर गावाबाहेरचं शेत तेवढं माझ्या नावावर राहिलं. मारोती ते बटईनं, निम्म्या वाट्यानं वाहतो. त्याच्या बापापासून शेतावरची जोडी पोळ्याला आपल्याच दारी जेवते. राजू म्हणतो, "यंदा राहू दे. अपार्टमेंटात काय बैल आणतेस?" का राहू दे? ह्याचं लहानपण अशाच बैलांच्या पाठीवर गेलं.

११, बुध. खांदशेकणी.
रिक्षा करून शेतावर गेले. बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं, म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मारोती चाचरला. "माय, तिथं आता गेट हाय नं?" म्हटलं, गेट माझ्याच जागेवर आहे, तू ये. राजूला सांगितलं नाही.

१२, पोळा.
पोळ्याचं तोरण तुटून बैल सुटल्यावर मारोती जोडी घेऊन आला. बैलांवर झुली, शिंगांना बेगड. वॉचमननं गेट लावलं. "अम्मा, जानवरां अंदर नक्को." मी वरून ओरडले, कोण ऐकतं! सूप, तांब्या, पोळ्या घेऊन जिना उतरले, मध्ये टेकत टेकत. मारोती म्हणाला, "जाऊ द्या माय, नेतो मी वापस." काय जाऊ द्या? जेवायला मी बोलावलं होतं! भर रस्त्यात पाय धुतले, पोळ्या भरवल्या. मागे स्कूटरवाल्यांचे हॉर्न. तांबड्यानं नेमकं गेटसमोर शेण टाकलं. बरं वाटलं मला.

१३, शुक्र.
शेणावरून वरच्या बाईंनी राजूला ऐकवलं, राजूनं मला. त्या भांडणात त्याच्या तोंडून निघालं, शेताचे प्लॉट पाडायचं ठरलंय. मारोतीला सांगूनही आला, जोडी विकून टाक. बैलांच्या पोटातली पुरणपोळी तरी जिरू द्यायची! तळपायाची आग मस्तकात गेली. जेवले नाही.

१४, शनि.
पुन्हा शेतावर. मारोती नुसता बसून होता. "माय, दादा म्हणते तं मी काय करू?" सरळ बैलांपाशी गेले, पुढच्या पोळ्याचं आवतन देऊन टाकलं. असं वर्षभर आधी कुणी देत नाही. दिलं.

१५, रवि.
राजूनं कागद टेबलावर मांडलेत. "आई, फकत सही कर. तुझ्याच भल्याचं हाय." सूनबाईनं चहा आणला, नेहमीपेक्षा गोड. म्हटलं, पुढच्या पोळ्याला जोडी कुठं जेवेल ते आधी सांग. हसला. म्हातारीला चळ लागला, असंच वाटलं असणार.
पेनाचं टोपणही काढून ठेवलं होतं त्यानं. मी ते लावून टाकलं. आंघोळीहून आला की पुन्हा काढेल.