किल्ली दिसली, धागा नाही

गुरुवार, संध्याकाळ. लिंबायत.

काल माझ्या पाळीत कापडाचा माग चालू ठेवून मोबाइलवर तो भयाण गेम खेळत बसलो. अंधाऱ्या खोलीत कावळ्याच्या डोक्याचा माणूस, त्याच्या चोचीत एवढीशी किल्ली. ती बरोबर दिसली मला! समोर तुटलेला धागा दिसला नाही. कापडात हातभर रेघ उमटल्यावर गुपचूप गाठ मारली. त्याच मागावर पुढच्या पाळीला आलेल्या आबांना काही सांगितलं नाही.

त्या रेघेच्या कापडाचा अख्खा ताका त्यांच्या पाळीत मागावरून उतरला. म्हणून आज शेठ सगळ्यांसमोर त्यांनाच बोलला. गाठ मारायला मला आबांनीच शिकवलेलं. तोंड का नाही उघडलं मी? ती किल्ली अजून डोळ्यांसमोर आहे.

आबा डोळे चोळत म्हणाले, "नजर गेली रे माझी. उद्यापासून माझं कापडबी तूच बघत जा."

हो म्हणालो.