साच्यातलं तोंड

सोमवार, ३ जून
आले बाई एकदाची! दोन वर्षं पार्लरमध्ये लोकांचे केस झाडले, स्वयंपाकघरात कणकेच्या खोट्या जखमा करून करून हात बसवला. भुतं रंगवून कुणाचं पोट भरलंय, म्हणत दादाने घरात कितीदा तमाशा केला. आता बघ म्हणावं! सिनेमाची खरीखुरी कार्यशाळा: रबराचे हात, काचेच्या डोळ्यांचे डबे, आणि शिकवायला साक्षात उस्ताद. त्यांच्या हाताखाली कुणी टिकत नाही म्हणे. मी टिकणार.

गुरुवार, ६ जून
राक्षसिणीचा मुखवटा करायचाय, पण नटीला चेहऱ्याचा साचा द्यायला वेळ नाही. माझं माप तिच्याएवढंच, म्हणून मला बसवलं. आधी व्हॅसलीन लावा म्हटलं, नाहीतर साचा कातडीला धरतो. उस्ताद म्हणाले, व्हॅसलीनने बारकावे जातात. साचा ओढून काढला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. अर्ध्या भुवया आतच राहिल्या. वर मलाच म्हणाले, एवढं तोंड वाकडं करायला काय झालं! मी गप्प बसले. स्वतःचाच राग आला.

शनिवार, ८ जून
साच्यात प्लास्टर ओतून माझं डोकं तयार झालं. उस्ताद त्याच्या नाकावर कानस फिरवत होते. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि माझ्या नाकातून रक्ताची धार. उष्णता असेल, म्हणाले. मग माझ्याकडे बघत पुन्हा कानस फिरवली. पुन्हा रक्त. हसले.
म्हणजे याला माहीत आहे! यापुढे याला अहो-जाहो नाही.

सोमवार, १० जून
माझं डोकं मागितलं. कार्यशाळेची वस्तू आहे, म्हणाला. काम सोडते म्हटलं. खुशाल सोड म्हणाला, डोकं इथेच राहील. दिग्दर्शकाला राक्षसीण बिनतोंडाची हवी. उद्या ओठ प्लास्टरने बुजवणार. मेला!

मंगळवार
चहा हनुवटीवरून ओघळला. चाचपलं. ओठ नाहीत. सपाट. ओरडले, आतल्या आत. आईचा फोन वाजतोय. उचलून काय करू—

दुपार
कार्यशाळेत शिरले. तो जेवायला गेलाय. डोकं माझ्या मांडीवर. नखांनी खरवडलं. निघत नाही. घट्ट झालंय—

पावलं. त्याचीच.
येऊ दे. दिग्दर्शकाला तोंड नको असेल, मला हवंय. या माणसाला चार शिव्या दिल्याशिवाय मी जायची नाही. प्लास्टरच्या डोक्यावर, ओठांच्या जागी पटाशी टेकवली आहे. दुखेल. दुखू दे. हातोडी उच—