अक्षत दिलेला पाहुणा

अल्लीपूर,
होळीच्या आधीचा आठवडा

कै. धनंजय यास,

हेमराजचा नमस्कार. जन्मभरात तुला कधी 'प्रिय' लिहिलं नाही (पत्रच लिहिलं नाही, तुझं दार माझ्या ओसरीवरून दिसतं), म्हणून आता एकदम प्रिय लिहायची लाज वाटते, आणि 'चिरंजीव' लिहायची तू सोय ठेवली नाहीस. तब्येत विचारत नाही. इकडे माझा गुडघा, मनोहररावांचा दमा आणि कापसाचा भाव, तिन्ही होते तिथेच आहेत. तिकडचं काही कळवायची तसदी घेऊ नकोस. तू कळवायला लागलास की वहिनींचा डोळा लागत नाही आणि माझा लागलेला उघडतो.

पत्राचं कारण आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू घसा खाकरून 'मुद्द्याचं बोल नं बाप्पा' म्हणशील, आणि ते खाकरणं मला या घडीला नको आहे. मुद्दा असा की तुझ्या दामिनीचे दिवस भरत आले आहेत. नागपूरला तिच्याजवळ नवऱ्याशिवाय कोणी नाही (तो मोबाईलमध्ये बघून वरण लावतो), ती रोज फोनवर आईला बोलावते, आणि गोपिकावहिनी घर सोडायला तयार नाहीत, कारण पुढच्या खोलीत वेताच्या खुर्चीवर तू बसून आहेस. पाहुणा बसलेला असताना घराला कुलूप कसं लावायचं, असं त्या म्हणतात. तेव्हा तू ऊठ. बाकीचं पत्र हे सारं कसं घडलं ते सांगायला आहे. तू श्रावणात गेलास आणि मार्गशीर्षात आलास, मधलं तुला कोण सांगणार?

श्रावणातलं तर तुझ्याच अंगावरून गेलं. तुला घाटावर नेलं तेव्हा पाऊस असा लागला होता की छत्र्या चितेवर धराव्या की आपल्यावर, हे कोणाला कळेना. घाटावर छप्पर नाही. लाकडं पेटायची, धुमसायची, पुन्हा विझायची. डिझेल झालं, कोणीतरी ट्रॅक्टरचा जुना टायर आणला. मनोहरराव, आपल्या सिगार क्लबचे अध्यक्ष, त्या पावसात उभे राहून म्हणाले, "जिता होता तवाही याची सिगार कधी धड पेटली राह्यली नाई." आम्ही सगळे हसलो रे. हसलो आणि मग एकमेकांकडे बघायची हिंमत होईना, कारण ज्याला हसून दाखवायचं तोच तिथे अर्धा ओला पडला होता. मी नंतर नदीकडे तोंड करून खूप रडलो. पाऊस होता, कोणाला दिसलं नाही.

त्याच आठवड्यात क्लबने ठरवलं की स्नेहसंमेलन घ्यायचं, लोकांकडून मदत गोळा करायची आणि घाटावर टिनाचं शेड उभारायचं. क्लबने आजवर केलेलं हे पहिलंच सत्कार्य. तू क्लब काढलास तेव्हा तुझ्या जावयाने जहाजावर नोकरीला असताना आणलेली सिगारची पेटी आणि मोकळा वेळ एवढंच आपलं भांडवल होतं. दारूबंदीच्या जिल्ह्यात चार म्हातारे 'क्लब' म्हणून जमतात म्हटल्यावर साध्या कपड्यातले दोन पोलीस येऊन आपले पेले हुंगून गेले होते (ताक होतं, तेही आंबट). निम्म्या सभासदांना सिगार ओढताच येत नाही, ते नुसती धरून बसतात. तरी गावात नाव झालं. शेडचं कळल्यावर चौकात लोक म्हणायचे, "गिऱ्हाईकच दुकान बांधून राह्यले." त्यांचंही चूक नाही.

आता माझी चूक. सचिव मीच, त्यामुळे निमंत्रणं माझ्याकडे. मागच्या वेळी एका सभासदाला पत्रिका गेली नव्हती तर त्याने वर्षभर आपल्याशी बोलणं सोडलं होतं. म्हणून मनोहररावांनी बजावलं, "एकही मेंबर सुटता कामा नाई, आन् नुसतं व्हाट्सअप नको, रीतसर अक्षत द्या." मी हळदीत तांदूळ पिवळे केले. पहिली पत्रिका केळझरच्या गणपतीला ठेवली. आणि दुसरी, काय सुचलं कोण जाणे, घाटावर तुझ्या जागेच्या दगडाखाली, वर चिमूटभर अक्षता. तूही मेंबरच की. दगडाला हात लावून मी म्हणालोसुद्धा, "येजो बरं धन्या." (दगड गार होता. तेवढं तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं, कारण ऊन चांगलं तापलं होतं.)

कार्यक्रम जामजवळच्या लॉनवर, रविवारी दुपारी. भरीत, ज्वारीची भाकर, सोल्याची (ओल्या तुरीच्या दाण्यांची) आमटी, आणि हायवेवरच्या ट्रकांचा आवाज. स्टेजवर तुझ्या आठवणीसाठी तुझीच वेताची खुर्ची आणून ठेवली, पाठीवर शाल घातली आणि पुढच्या बशीत एक सिगार पेटवून ठेवली. आपल्याकडे बांधावरच्या दगडाला विडी ठेवतात तशी. ती दोन मिनिटांत विझेल हे आम्हाला ठाऊक होतं. तूच शिकवलंस, सिगारला ओढणारा लागतो, एकटी ठेवली की मरते. तर मनोहरराव प्रास्ताविकाला उभे राहिले आणि सिगार विझली नाही. ते 'मी या क्लबचं रोपटं लावलं' म्हणाले तेव्हा तिचं टोक लालभडक झालं. 'कोणताही स्वार्थ न ठेवता' म्हणाले तेव्हा पुन्हा. मी म्हटलं वारा असेल. पण वारा हायवेकडून येत होता आणि आम्हा सगळ्यांच्या सिगारांचा धूर वाऱ्याच्या विरुद्ध, जमिनीलगत, हळूहळू तुझ्या खुर्चीकडे चालला होता. तिथे पोचला की दिसेनासा व्हायचा. आमटी वाढणाऱ्या बाया पळी हातात धरून तो धूर बघत होत्या.

मग लिलाव. तुझ्या पेटीतल्या उरलेल्या सिगारी शेडसाठी बोलीवर लावल्या होत्या. बोली पुकारायला मांडववाला प्रेमदास, जामचा, तुला त्याने आयुष्यात पाहिलेलं नाही. मनोहरराव आणि हिंगणघाटचे किशोरशेठ, दोघंच बोली लावत होते. पण बोली थांबेचना. मनोहररावांना वाटे शेठ चढवतात, शेठला वाटे हे चढवतात, दोघंही घामाघूम होऊन एकमेकांकडे बघत होते, आणि प्रेमदास मात्र दर खेपेला स्टेजच्या कोपऱ्याकडे मान हलवून आकडा वाढवून सांगत होता. शेवटी मनोहररावांनी हट्टाला पेटून पेटी घेतली, आणि एका दुपारीत शेडचं सारं काम भागलं. टाळ्या झाल्या. त्यात एक टाळी जरा उशिरा सुरू झाली आणि उशिरा थांबली.

मी प्रेमदासला बाजूला घेतलं. म्हटलं, तिसरी बोली कोणाची? तो म्हणाला, "ते काकाजी नाई का, खुर्चीवरचे. हात वर करून राह्यलते, म्या का करू? सदरा पार ओला होता त्यायचा. काऊन, हापशीखाली बसलते का?"

धन्या, मार्गशीर्षातल्या कोरड्या दुपारी माझ्या पाठीतून पाणी उतरलं. खुर्चीजवळ जाऊन पाहिलं तर वेताची बैठक खाली दबलेली, पायांजवळ स्टेजवर ओल, आणि बशीत सिगारचं थोटूक, डाव्या बाजूने चावलेलं. डाव्या बाजूने कोण चावतं ते क्लबात सर्वांना ठाऊक आहे. मग जी पळापळ झाली! आभारप्रदर्शन राहिलं, फोटो राहिला, दमेकरी मनोहरराव सर्वांच्या पुढे फाटकाबाहेर. आणि त्या गडबडीत खरी गोष्ट राहिली. अक्षत देऊन बोलावलेल्या पाहुण्याला निघताना कुंकू लावून, हातावर सुपारी ठेवून निरोप द्यावा लागतो. तो दिला नाही तर पाहुणा उठायचा कसा? प्रेमदासच्या माणसांनी खुर्ची टेम्पोत चढवली (रिकामी खुर्ची, दोघांना उचलेना, तिसरा लागला) आणि तुझ्या घरी आणून ठेवली. तुझ्यासकट.

तेव्हापासून तू आहेस. वहिनी घाबरल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या पडल्या गोपिकावहिनी. सकाळी दोन कप चहा करतात. एक खुर्चीपुढे ठेवतात, तो निवतो, आणि निवता निवता पातळी खाली जाते. खुर्चीखालची ओल पुसतात. बसता उठता वेत करकरतो तेव्हा म्हणतात, "आयका, दामिनीचा फोन आलता." मनोहररावांनी एकदा दारात उभं राहून राहिलेलं आभारप्रदर्शन वाचून दाखवलं, की तेवढ्याने तू जाशील. आतून सिगारचा असा दाट वास आला की त्यांनी 'उपस्थितांचे' या शब्दावर कागद टाकला आणि चप्पल सोडून घर गाठलं. (चप्पल वहिनींनी पिशवीत घालून पाठवली.)

मी म्हटलं, वहिनी, तुम्हीच सांगा त्याला. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळूच म्हणाल्या, "हेमराजभाऊ, माह्या घरचा माणूस हाये तो. त्याच्याच घरात त्याले ऊठ कसं म्हणू मी? तुमी बलावलं, तुमीच वाटे लावा." पोरगी तिकडे एकटी, आणि ही बाई दोन चहा करत इकडे अडकून. माझ्यामुळे. मग मी सुपारी, नारळ, कुंकू घेऊन आलो. तुला आठवत असेल. तुझ्यासमोर स्टुलावर बसलो, आणि म्हटलं निरोपाआधी जरा इकडचं तिकडचं बोलू. पऱ्हाटीचं, कापसाच्या भावाचं बोललो, किशोरशेठची नक्कल केली, तुझी खुर्ची दोनदा करकरली (तू हसलास की तशीच करकरायची). उन्हं उतरली तेव्हा सुपारी खिशात तशीच होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलो, पुन्हा तेच. माझ्याच्याने तोंडी होत नाही, म्हणून लिहितो आहे.

तर उद्या सकाळी मी आणि वहिनी खुर्ची तुझ्यासकट घाटावर नेतो. नव्या शेडखाली कुंकू लावतो, सुपारी ठेवतो आणि हे पत्र तुझ्या सिगारींसोबत जाळतो. मनोहररावांनी ती पेटी उघडलीच नाही, काल माझ्या ओसरीवर ठेवून पळाले. तू चांगला पाहुणा होतास. वेळेवर आलास, कोणाला नावं ठेवली नाहीस, आणि घाटावर पुढे येणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर करून दिलंस. आता ऊठ, बाप्पा. तुझ्या लेकीला तिची आई हवी आहे.

तुझा,
हेमराज

ता. क. शेडवर टिना चढल्या त्या दिवसापासून तुझ्या खुर्चीखाली ओल येत नाही, असं वहिनी म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. परवा अवकाळी आला होता तेव्हा मुद्दाम घाटावर जाऊन उभा राहिलो. थेंबभरही गळत नाही.

आणखी ता. क. वहिनींचा निरोप: मागोमाग नागपूरला येऊ नये, फ्लॅट आहे, जरा धूर झाला की भोंगा वाजतो. दामिनीच्या पोटी यायचं मनात असेल तर खुशाल या, पण खाकरत येऊ नका, डॉक्टर घाबरतील.

शेवटचा ता. क. हा वहिनींना वाचून दाखवलेला नाही. त्या दुपारच्या बसने गेल्या की तुझ्या दाराला कुलूप लागेल आणि माझ्या ओसरीवरून ते कुलूपच दिसत राहील. माझी पोरं पुण्याला, तुला माहीतच आहे. घाटावरून मी खुर्ची परत तुझ्या घरी नेणार नाही, माझ्याकडे आणणार आहे. पत्राच्या घडीत बघ, चिमूटभर पिवळ्या अक्षता ठेवल्या आहेत. त्या माझ्या घरच्या. आणि उद्याच्या निरोपाची सुपारी खिशात आहे, या नव्या आमंत्रणाच्या निरोपाची मात्र मी आणूनच ठेवलेली नाही.