पांढरं हेल्मेट

२ जानेवारी
नवी डायरी. यंदा मी परमनंट होणार म्हणजे होणारच, तेव्हा या ऐतिहासिक वर्षाची कुठेतरी नोंद हवी.

सध्या ब्रेकवर आहे. आमच्या कंटेनर यार्डात काही महिने भरले की कॉन्ट्रॅक्टर गेटपास काढून घेतो, थोडे दिवस घरी बसवतो आणि मग पुन्हा कामावर घेतो. माझ्याबरोबरचा गोरख म्हणतो, नोकरी सलग दिसू नये म्हणून ही युक्ती. गोरखचा स्वभावच संशयी. मी याला रजा समजतो. बिनपगारी, एवढंच. माझ्यासारखे बाकीचे चेकर, म्हणजे कंटेनरचे सील तपासणारे, ब्रेकमध्ये बिगारीला जातात. मी नाही जात. कंपनीच्या माणसाला कुणी पनवेलात घमेलं उचलताना पाहिलं तर कंपनीचं नाव खराब होईल.

सुनीताच्या पोटातल्या गाठी वाढल्यात. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन लांबवू नका. परमनंट माणसाच्या बायकोचा सगळा खर्च कंपनीचं मेडिकल करतं. तिला म्हटलं, पाडव्यापर्यंत दम धर. तिने विचारलं, कुठल्या सालच्या?

११ जानेवारी
ब्रेक संपला. नवा गेटपास, नवा कॉन्ट्रॅक्टर. म्हणजे नाव नवं. ऑफिस तेच, टेबल तेच, टेबलामागचा माणूसही तोच. मला हे सातत्य आवडतं.

२० जानेवारी
गोरख कागद घेऊन आला. सगळे मिळून लेबर ऑफिसात तक्रार करतायत की आम्ही वर्षानुवर्षं इथलेच कामगार, ब्रेक खोटे, आम्हाला कायम करा. "आमी कामावरच्या समद्यांनी सया केल्या, कमलाकरदादा. तुजीच रायली हाय." म्हटलं, विचार करतो.

विचार केला. भांडून कुणाचं भलं झालंय? प्रेमाने मागितलं की माणसं देतात. दुपारी एचआरच्या निनाद साहेबांना भेटून सांगून आलो की मी सही केलेली नाही. साहेब फार खूश. माझ्यासाठी कपबशीतून चहा मागवला. गोरखला अजून कागदी ग्लासातूनच मिळतो.

३ फेब्रुवारी
प्रमोशन! सुपरवायझर! कामगारांचं पिवळं हेल्मेट गेलं, पांढरं आलं. पगाराचं साहेब 'बघू' म्हणाले, आणि साहेब उगाच 'बघू' म्हणणाऱ्यातले नाहीत. काम मात्र तेच, उन्हात उभं राहून कंटेनरचे सील तपासायचे.

सुनीताने विचारलं, हाताखाली माणसं किती? म्हटलं, सध्या कुणी नाही. ती पुन्हा गिऱ्हाइकाच्या साडीला फॉल लावायला बसली. तिला पदाचं महत्त्व कळायला वेळ लागेल.

१७ फेब्रुवारी
लेबर ऑफिसच्या कुमुद मॅडम चौकशीला आल्या. एकेकाला विचारत होत्या, तुम्ही नक्की काय काम करता? मी छाती पुढे काढून सांगितलं, सुपरवायझर. त्यांनी माझ्या घामेजल्या शर्टाकडे पाहिलं. सील तुम्ही स्वतःच तपासता ना? म्हटलं, छे, मी तपासून घेतो. त्यांनी पेन थांबवलं. "नीट विचार करून सांगा हं, कमलाकरराव. घाई नाही."

मागे गोरख इतका खोकला की मला त्याच्या तब्येतीची काळजी वाटली. शेवटी इंग्रजीतच सांगून टाकलं, आय ॲम मॅनेजमेंट. निनाद साहेबांनी मान डोलावली. जबाबाखाली सहीसुद्धा मी इंग्रजीत केली.

९ मार्च
सुनीता ओट्याजवळ मटकन बसली ती उठेना. कसंबसं रिक्षात घालून नेलं. डॉक्टर माझ्यावरच ओरडले. त्यांना माझी पोझिशन ठाऊक नाही.

साहेबांना मेसेज केला. निळी टिक आली, म्हणजे वाचला. वाचला म्हणजे मनावर घेतला.

१९ मार्च, गुढीपाडवा
श्रीखंड आणलं. सुनीताने चमचाभर खाल्लं. बातमी नाही. सणाच्या दिवशी साहेब तरी कसे कळवणार?

२४ मार्च
बातमी आली! कंपनीने समझोता केला. यार्डातले सगळे चेकर परमनंट. सही न केलेलेसुद्धा. आमच्यातला अंकुश तर सह्यांच्या वेळी ब्रेकवर, वीटभट्टीवर होता, त्याचंही नाव लागलं.

माझं नाही. घाबरण्यासारखं काही नाही. मॅनेजमेंटचं वेगळं कळवतात.

३१ मार्च
वेगळं कळवलं. निनाद साहेब म्हणाले, माणसं आता कंपनीची झाली, कॉन्ट्रॅक्टर संपला, मग कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर ठेवून मी काय करू? उठून हात मिळवला. हात फार मऊ आहे त्यांचा. हेल्मेट गेटवर जमा करायला सांगितलं.

घरी सांगितलं, ब्रेक आहे.

८ एप्रिल
लेबर ऑफिसला गेलो. कुमुद मॅडमनी लगेच ओळखलं. म्हणाल्या, समझोता कामगारांसाठी आहे. ठरावीक रकमेच्या वर पगार असलेल्या सुपरवायझरला कायदा कामगार धरत नाही, तुमचा पगार त्याच्या वर आहे, आणि तुम्ही तर मॅनेजमेंट म्हणून सही केलीत.

मी म्हणालो, मॅडम, मी कामगारच आहे हो. सील मीच तपासायचो, रोज, उन्हातान्हात. माझ्या हाताखाली कधी कुणी नव्हतं. 

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्या तोंडून एवढंच ऐकायला थांबले होते मी." कोर्टात जाता येईल, पण वर्षं लागतील. त्यांनी पाणी मागवलं. मी ते पिऊन उठलो.

२६ एप्रिल
गोरख पेढे घेऊन आला. त्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कंपनीच्या मेडिकलमधून झालं. खाली बघत म्हणाला, "तुजा नाव मी दोनदा सांगला, दादा. नाय घेतला त्यांनी."

सुनीता दारातच उभी होती. मला वाटलं, आता ब्रेकचं खोटं उघडं पडलं. तिने पेढा घेतला, गोरखच्या आईची चौकशी केली. तो गेल्यावर म्हणाली, मला एक तारखेलाच कळलं होतं. आणि फॉलची साडी पुढ्यात ओढली. चिडली असती तर बरं झालं असतं.

३ मे
मला अजून काम नाही. घर तिच्या फॉलवर चाललंय. सुनीताला म्हटलं, आता सरकारी हॉस्पिटलात नंबर लावू. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशननंतर काही महिने तिला बसून शिवता येणार नाही. ती सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, कशाला, आता मुळीच दुखत नाही, गाठी जिरल्या असतील.

आजवर मला कुणी काहीही सांगितलं तरी खरं वाटायचं. हे वाटलं नाही.